गोळी झाडण्याआधी विचारायचा प्रश्न: हॉरर गेममध्ये तग कसा धरायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रेसिडेंट ईव्हिल २ चा रीमेक घेतला, खेळायला लिऑन हे पात्र निवडलं, डिफिकल्टी स्टँडर्ड. पोलीस स्टेशनात हेलिकॉप्टरचा सांगाडा उचलून तो टोपीवाला राक्षस आला आणि तिथून पुढे काहीच जमेना. पिस्तुलात चार गोळ्या, जवळ एक ग्रीन हर्ब (तब्येत भरून काढणारी वनस्पती), आणि मागे सतत पावलांचा आवाज. शेवटी गेम बंद करून ठेवला. असे गेम खेळायचे तरी कसे?

तुमचा नेम कच्चा असेलही, पण गोळ्या त्यामुळे संपलेल्या नाहीत. दिसेल त्याला मारायचं, या सवयीमुळे संपल्यात. इतर गेममधून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ही सवय असते, कारण तिथे शत्रू मारला की काहीतरी मिळतं: गुण, पैसे, वरची लेव्हल. इथे झोंबी मारून हातात काही पडत नाही. लिऑनच्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये १२ गोळ्या असतात. एक झोंबी डोक्यात पाच-सहा गोळ्या सहज रिचवतो, आणि पडल्यावरही तो मेलाय की नुसता पडलाय याची खात्री नसते. म्हणजे दोन झोंबी आडवे केले की मॅगझिन रिकामं. बदल्यात काय मिळालं? फक्त रस्ता.

म्हणून ट्रिगर दाबण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: या रस्त्याने मी परत किती वेळा जाणार आहे?

मला विचाराल तर सर्व्हायव्हल हॉरर, म्हणजे मोजक्या साधनांवर तग धरायच्या भीतीच्या गेमचा प्रकार, या एका प्रश्नावर उभा आहे. पहिला रेसिडेंट ईव्हिल १९९६ साली प्लेस्टेशनवर आला. शिंजी मिकामी त्याचे दिग्दर्शक. त्यातला वाडा असा रचला होता की एका टोकाला सापडलेली किल्ली दुसऱ्या टोकाचं दार उघडते, आणि मधल्या बोळांतून तुमच्या दहा-दहा फेऱ्या होतात. खेळायला दोन पात्रं: ख्रिसकडे सामानाचे ६ खण, जिलकडे ८. सेव्ह करायला टाइपरायटरची शाई, तीही मोजकी. २००२ साली गेमक्यूबवर त्याचा रीमेक आला, तेव्हा या हिशोबाला आणखी एक पीळ दिला. मारलेला झोंबी तसाच पडू दिला तर काही वेळाने तो लालभडक होऊन उठतो आणि आधीपेक्षा कितीतरी वेगाने धावून येतो. टाळायचं असेल तर त्याचं डोकं उडवायचं किंवा रॉकेल ओतून जाळायचं. रॉकेलही जपून, कारण सोबतच्या बाटलीत दोन प्रेतं जाळण्यापुरतंच मावतं. ज्या बोळात वारंवार यायचंय तिथलं प्रेत जाळा, ज्या खोलीचं काम संपलंय तिथल्या झोंबीला हात लावू नका. मारणं हे रस्त्यासाठी मोजलेले पैसे आहेत, हे मला त्या गेमने शिकवलं.

आता हेच तुमच्या पोलीस स्टेशनाला लावून बघू. तळमजल्यावर पश्चिमेकडचा खिडक्यांचा कॉरिडॉर आठवा, ज्यातून डार्करूमकडे जाता येतं. डार्करूममध्ये टाइपरायटर आहे, सामानाची पेटी आहे. त्या कॉरिडॉरमधून तुम्ही पंधरा-वीस वेळा तरी जाणार. तिथले झोंबी मारणं परवडतं. तिथल्या खिडक्यांना फळ्या ठोकणं तर त्याहून परवडतं, कारण एक फळी म्हणजे त्या खिडकीतून पुढे न येणारे सगळे झोंबी. फळ्या मोजक्याच सापडतात, म्हणून त्या कुठे ठोकायच्या हेही याच प्रश्नाने ठरवा. याउलट एखादी फाइल किंवा एकच वस्तू घ्यायला ज्या खोलीत जायचंय, तिथे झोंबीला टेबलाभोवती फिरवा, वस्तू उचला, बाहेर पडा. तो तिथेच राहील. राहू दे.

मॅप उघडून बघायची सवय लावा. या रीमेकमध्ये खोलीत काही घ्यायचं शिल्लक असेल तर ती मॅपवर लाल दिसते, सगळं घेतलं की निळी होते. सेफ रूममधून, म्हणजे शत्रू सहसा येत नाहीत अशा सेव्ह करायच्या खोलीतून, निघण्याआधी मी मॅपवर वाट ठरवतो: कुठून जायचं, काय घ्यायचं, कुठून परत यायचं. ठरवलेली वाट असली की अचानक काही समोर आलं तरी पाय कुठे टाकायचा हे माहीत असतं. न ठरवता निघालेला माणूस घाबरला की पहिल्या दिसलेल्या दारात घुसतो, आणि तिथे बहुतेक वेळा नवा झोंबी असतो.

मारायचंच ठरलं तर कसं मारायचं, हे गेमनुसार बदलतं आणि इथे बरेच जण अडकतात. या रीमेकमध्ये चालता चालता नेम धरला तर क्रॉसहेअर (नेमाची खूण) पसरलेला राहतो. क्षणभर स्थिर उभं राहिलात की तो आकसतो. मागे सरकत घाईघाईने झाडलेल्या चार गोळ्यांपेक्षा उभं राहून झाडलेल्या दोन गोळ्या जास्त काम करतात. आणि दर वेळी डोकंच पाहिजे असं नाही. गुडघ्यावर दोन-तीन गोळ्या बसल्या तर झोंबी कोसळतो किंवा पायच तुटतो. मग तो सरपटत येतो आणि तुम्ही त्याच्या बाजूने निघून जाता. पडलेल्याला चाकू मारता येतो, पण चाकू झिजतो आणि मोडतो, म्हणून मी तो शेवटच्या क्षणासाठी ठेवतो: झोंबीने पकडलं की बटण दाबून त्याच्या अंगात खुपसायचा. एक चावा वाचला म्हणजे एक हर्ब वाचला. खुपसलेला चाकू त्या झोंबीला पाडलंत की परतही घेता येतो. डेड स्पेसमध्ये हे सगळं उलटं. २००८ साली आलेल्या त्या गेममध्ये डोक्यावर गोळ्या घालणं म्हणजे त्या फुकट घालवणं, तिथे हातपाय तोडावे लागतात. म्हणून प्लाझ्मा कटर या तिथल्या हत्याराची धार आडवी-उभी फिरवता येते. नवीन गेम घेतला की पहिल्या दोन-तीन शत्रूंवर हे तपासून घ्या: कुठे मारलं की तो थांबतो, आणि किती वेळ थांबतो. मरतो कसा यापेक्षा थांबतो कसा हे माहीत असणं जास्त कामाचं.

सामानाबद्दल फार सांगत नाही. पूर्ण भरलेले खण घेऊन सेफ रूममधून कधीच निघू नका, दोन-तीन रिकामे ठेवा, नाहीतर समोर शॉटगनच्या गोळ्या पडलेल्या असतील आणि घेता येणार नाहीत. ज्या किल्लीचं काम संपलं तिच्यावर लाल खूण येते, ती टाकून द्या. खण वाढवणारे पाउच दिसले तर वाट वाकडी करूनही घ्या. ग्रीन हर्ब एकटा खाण्याआधी थांबा. रेड हर्बबरोबर मिसळला तर तो पूर्ण बरं करतो, आणि दोन वस्तूंचा एक खण होतो. गनपावडरची डबी तशीच पेटीत पडून असते आणि लोक म्हणतात गोळ्या संपल्या. मिसळा, गोळ्या होतील.

आता तो टोपीवाला. त्याला सगळे मिस्टर एक्स म्हणतात. तुम्ही अडकलात ते त्याच्यापाशी, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तो मरत नाही. पुरेशा गोळ्या खाल्ल्या की गुडघ्यावर बसतो आणि थोड्या वेळाने उठतो. तेवढ्यासाठी अर्धा साठा संपवणं हा या गेममधला सगळ्यात वाईट सौदा. दुसरी गोष्ट, तो धावत नाही. भरभर चालतो, पण तुम्ही धावलात तर मागे पडतो. तिसरी गोष्ट, बहुतेक सेफ रूममध्ये तो येत नाही. मुख्य दालनात मात्र येतो, तिथे टाइपरायटर असला तरी निर्धास्त राहू नका. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: गोळीबाराचा आवाज त्याला ओढून आणतो. तुम्ही दूरच्या खोलीत झोंबीवर गोळ्या झाडता आणि अर्ध्या मिनिटाने तो दारात उभा असतो, यात योगायोग नसतो.

त्याच्या पावलांचा आवाज हा लोकांना छळ वाटतो. मला तो गेममधला सर्वात प्रामाणिक इशारा वाटतो. हेडफोन लावा. पावलं वरच्या मजल्यावर आहेत की भिंतीपलीकडे, जवळ येतायत की लांब जातायत, हे नीट ऐकू येतं. लांब जात असतील तर काम करा. जवळ येत असतील तर थांबा, बाजूच्या खोलीत सरका, त्याला जाऊ द्या. आणि गाठलंच तर लायब्ररीसारखी जागा शोधा, जिथे एकापेक्षा जास्त दारं आहेत आणि मधल्या कपाटांभोवती फिरता येतं. त्याचा हात मागे गेला की ठोसा येणार हे ठरलेलं. त्या क्षणी मागे पळू नका, त्याच्या कुशीतून पुढे निसटा. दोन-तीनदा मार बसेल, मग वेळ अंगवळणी पडेल. फ्लॅश ग्रेनेड असेल तर तो यालाच वापरा.

वाटेत लिकर, म्हणजे या गेममधला दुसरा एक राक्षस, असेल तर मात्र धावू नका. लिकर आंधळे असतात, आवाजावर येतात. हळू चालत त्यांच्या शेजारून जाता येतं. मागे एक्स आणि पुढे लिकर असा प्रसंग या गेममध्ये मुद्दाम घडवून आणलेला आहे, आणि त्याचं उत्तर आधीच्या खोलीत असतं: एक्सला तिथे एक चक्कर मारायला लावा, अंतर मिळवा, मग हळू चाला.

पाठलाग करणारा शत्रू आतून कसा चालतो हे समजलं की भीतीही बरीच कामी येते. याचं उत्तम उदाहरण म्हणजे एलियन: आयसोलेशन, २०१४ चा, क्रिएटिव्ह असेंब्लीने केलेला. त्यात एलियनच्या मागे दोन थर आहेत. वरच्या थराला तुम्ही कुठे आहात ते कायम माहीत असतं. खालचा थर म्हणजे प्रत्यक्ष एलियन, त्याला ते माहीत नसतं. वरचा त्याला फक्त इशारा देतो, की या भागात शोध. पुढे तो डोळ्यांनी आणि कानांनी शोधतो. तुमच्यावरचा ताण फार वाढला की वरचा थर त्याला थोडा लांबही नेतो.

याचा खेळाडूसाठी अर्थ काय? एक, लॉकरमध्ये दहा मिनिटं बसून तो निघून जाईल अशी वाट बघण्यात फायदा नाही, कारण तुम्ही जिथे आहात त्याच्या आसपास त्याला परत परत पाठवलं जातं. त्याने पाठ फिरवली की हलायचं. पुढे सरकणं हीच लपण्याची खरी पद्धत. दोन, एकच युक्ती सारखी वापरली तर ती बोथट होते. फ्लेमथ्रोअरने तो पळतो, पण वारंवार वापरलात तर तो पूर्वीसारखा बिचकत नाही. तीन, मोशन ट्रॅकर (हातातलं हालचाल टिपणारं यंत्र) फक्त हलणाऱ्या गोष्टी दाखवतो आणि एलियन जवळ असताना ट्रॅकरची टिकटिक त्यालाही ऐकू जाते. एकदा बघा, खाली घ्या. आणि छतातल्या व्हेंटमधून लाळ ठिबकताना दिसली तर त्याखालून जाऊ नका, तो वर बसलेला आहे.

ज्या गेममध्ये हत्यारच नाही, तिथेही मघाचाच हिशोब लागू होतो, फक्त गोळ्यांच्या जागी दुसरं काहीतरी असतं. आउटलास्टमध्ये ते कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आहेत: अंधारात बघायला नाइट व्हिजन लागतं आणि ते बॅटरी खातं. नवा खेळाडू ते कायम चालू ठेवतो. चालू करा, खोली पाहून घ्या, बंद करा, आठवणीवर चाला. ॲम्नेशिया: द डार्क डिसेंटमध्ये कंदिलाचं तेल आणि काडेपेट्या आहेत. अंधारात राहिलं तर मन ढासळतं, उजेडात राहिलं तर दिसण्याचा धोका, आणि राक्षसाकडे टक लावून बघितलं तरी मन ढासळतं. म्हणून तिथे भिंतीकडे तोंड करून लपायचं आणि कानांवर विश्वास ठेवायचा. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो, तो कोपऱ्यातून डोकावत राहतो. याच मालिकेतल्या २०२३ च्या द बंकरमध्ये जनरेटरचं इंधन आहे. इंधन संपलं की दिवे जातात आणि भिंतींमागचा प्राणी जास्त मोकळा होतो. हातातल्या टॉर्चला दोरी ओढून चावी द्यावी लागते आणि तिचा आवाज होतो. तिथे माझी पद्धत अशी: इंधन घातलं की खिशातल्या घड्याळात किती वेळ उरलाय ते बघायचं, आणि अर्धा वेळ झाला की जिथे असू तिथून परत फिरायचं. पुढच्या खोलीत काहीही असलं तरी. हा नियम मोडून गेलो की जवळजवळ प्रत्येक वेळी मेलोय.

आवाजाबद्दल वर लिहिलंच, पण एक भर घालतो. तो घाबरवायला असतोच, पण त्यातच माहितीही असते. १९९९ च्या सायलेंट हिलमध्ये राक्षस जवळ आला की रेडिओ खरखरतो. धुक्यात डोळ्यांना काही दिसत नाही, कान मात्र आधी सांगतात. बऱ्याच गेममध्ये तुम्ही दिसलात की संगीत बदलतं आणि पाठलाग संपला की ते विरतं. ते विरलं याचा अर्थ आता हलायला हरकत नाही. म्हणून भीती वाटते म्हणून आवाज बारीक करून खेळू नका. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण तुम्ही आंधळे असताना बहिरेही होता. ब्राइटनेसही सुरुवातीच्या स्क्रीनवर सांगितलंय तसाच लावा. फार काळोखात खेळलात तर कोपऱ्यातल्या गोळ्यांची पेटी दिसत नाही.

सेव्ह करताना एकाच फाइलवर परत परत सेव्ह करू नका. तीन-चार वेगवेगळे स्लॉट फिरते ठेवा. तब्येत शेवटच्या टोकाला, गोळ्या शून्य, समोर बॉस, अशा क्षणी केलेलं एकमेव सेव्ह म्हणजे सगळा गेम पहिल्यापासून. रीमेकच्या स्टँडर्ड मोडमध्ये कितीही वेळा सेव्ह करता येतं, शाईची अट फक्त हार्डकोअर या सगळ्यात अवघड मोडला आहे. मग कंजूसपणा का करायचा?

बॉसची गोष्ट लवकर संपते. जिथे लढाई होते तिथेच आसपास गोळ्या आणि हर्ब ठेवलेले असतात, आधी एक फेरी मारून ते उचला. अंगावर गोळ्या घालू नका, वेगळी दिसणारी जागा शोधा. या रीमेकमधला बॉस बर्किन, त्याच्या खांद्यावरचा केशरी डोळा त्यासाठीच आहे. आणि रिंगणात एखादं यंत्र असेल तर ते सजावटीला नसतं. बर्किनच्या दुसऱ्या रूपाशी लढताना क्रेनला लटकलेला कंटेनर असतो, तो झुलवून त्याला खाली पाडा.

राहिली भीती. ती जाणार नाही, जाऊही नये, तिच्यासाठीच तर हे गेम घेतो आपण. पण भीतीने शरीरात जे होतं ते ओळखता आलं पाहिजे. अंगठे कंट्रोलरवर आवळले जातात, श्वास वर अडकतो, नजर फक्त समोरच्या तोंडावर खिळते आणि बाजूचं उघडं दार दिसत नाही. याच अवस्थेत मॅगझिन रिकामं होतं. म्हणून पॉज करा. एकट्याने खेळायच्या गेममध्ये ते बहुतेक ठिकाणी चालतं. खांदे सैल करा, दोन लांब श्वास सोडा, आणि पॉजमध्येच ठरवा: मारायचं, चुकवायचं की मागे फिरायचं. मग पॉज काढा. पहिले काही दिवस प्रत्येक झटापटीत असं केलंत तरी चालेल. तासाभराने हात जड झाले की सेव्ह करून उठा, दमलेला माणूस गोळ्या उधळतो. आणि असिस्टेड हा सोपा मोड वापरायला अजिबात लाजू नका. त्यात थोडी तब्येत आपोआप भरून येते आणि नेमाला मदत मिळते. वाड्याची, स्टेशनाची वाट पाठ झाली की दुसऱ्या खेपेला स्टँडर्डवर या.

आता तुमचं अडकलेलं सेव्ह. चार गोळ्यांवर त्यातून बाहेर पडता येतं, मी याहून वाईट अवस्थेतून पडलोय. ते उघडा आणि आधी एकही गोळी झाडू नका. पावलांचा आवाज ऐका, तो लांब असताना डार्करूम गाठा. दार लावल्यावर टाइपरायटरवर नव्या स्लॉटमध्ये सेव्ह करा. पेटी उघडा, गनपावडर असेल तर मिसळा, रेड हर्ब असेल तर ग्रीनबरोबर मिसळा, खूण आलेल्या किल्ल्या टाका, तीन खण रिकामे करा. चाकू पेटीत असेल तर बाहेर काढा. मग मॅपवर लाल राहिलेल्या खोल्या बघा आणि त्यातली जवळची एकच निवडा. जा, घ्या, परत या, सेव्ह करा. असं दोनदा-तीनदा केलंत की हातात एक मॅगझिन तरी जमेल. घड्याळाच्या मनोऱ्याकडचं मोठं काम त्यानंतर काढा. आणि जाताना वाटेत जो झोंबी दिसेल त्याच्यासमोर थांबून मघाचा प्रश्न विचारा. मनोऱ्याच्या वाटेवरच्या बहुतेकांना उत्तर "एकदाच" असं येईल, त्यांच्या बाजूने निघून जा.